क्लास की क्लॅस?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत वाढलेला पुतण्या ‘क्लॅस’, ‘डॅन्स’, ‘हॅफ’ म्हणतो. आपण क्लास, डान्स, हाफ म्हणतो. इंग्रजीत अक्षर तर ‘ए’च आहे, मग हा ‘आ’ आपण मराठी वळणाने घुसवला का?

नाही. हा ‘आ’ दक्षिण इंग्लंडचा आहे, आणि तो आपण फार बारकाईने ऐकून घेतलेला आहे. ‘हाफ पँट’ हा जोडशब्दच पाहा. पहिल्यात आ, दुसऱ्यात ॲ. लंडनचा माणूस हे दोन शब्द नेमके असेच उच्चारतो. तसेच ग्लास पण गॅस, प्लास्टर पण प्लॅस्टिक. स्पेलिंग वाचून कोणाला हा फरक सुचला नसता. तो कानानेच आला असणार. जुन्या मराठी छपाईत ॲ दाखवायला ‘य’ जोडून ‘ब्यांक’, ‘ग्यास’ असे लिहीत. पण ‘पास’चा कोणी ‘प्यास’ केला नाही, आणि ‘मास्टर’चा ‘मास्तर’ झाला, ‘म्यास्तर’ नव्हे.

लंडनकडे हा ‘आ’ आला कुठून? मुळात या शब्दांतला स्वर आखूड होता. सतराव्या शतकापासून दक्षिण इंग्लंडमध्ये फ, स, थ यांच्या आधी तो लांबू लागला. पुढे न्स, न्ट अशा जोड्यांच्या आधीही. पण सगळ्या शब्दांत नाही. ‘प्लान्ट’मध्ये लांबला, ‘पँट’मध्ये नाही. म्हणून याचा पक्का नियम सांगता येत नाही, शब्दागणिक लक्षात ठेवावे लागते. गंमत म्हणजे आज जो उच्चार ऐटदार समजला जातो, तो तेव्हा गावंढळ वाटे. जॉन वॉकर यांनी १७९१च्या आपल्या उच्चारकोशात ‘आफ्टर’, ‘बास्केट’, ‘प्लान्ट’ असे लांब ‘आ’ काढून बोलणे जवळजवळ असभ्य ठरवले होते!

अमेरिकेतल्या वसाहती हा बदल रुळण्याआधीच्या, त्यामुळे तिथे बहुतेक ठिकाणी ॲ टिकला. म्हणजे ‘लांब की आखूड’ एवढ्यापुरते पाहिले तर तुमच्या पुतण्याचा उच्चार जुना आणि आपला नवा. तो ‘आंटी’ला ‘ॲन्टी’ म्हणत असेल तर तेही याच हिशेबाने. इंग्लंडच्या उत्तरेतही, मँचेस्टर-लीड्सकडे, ‘ग्लास’ आणि ‘बाथ’मधला स्वर आजही आखूडच आहे, आणि तिथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे.

ऑस्ट्रेलियाची तऱ्हा मला सगळ्यांत आवडते. तिथे ‘क्लास’ सगळीकडे आ-कारी, पण ‘डान्स’ला सिडनीकडे बरेच लोक ‘डॅन्स’ म्हणतात आणि ॲडलेडकडे ‘डान्स’. सिडनीची वसाहत १७८८ची, ॲडलेडच्या बाजूची १८३६ची. मधल्या काळात इंग्लंडमध्ये ‘आ’ अधिक रुळला, आणि उशिरा आलेले लोक तो घेऊन आले, असे त्याचे कारण दिले जाते.

विशेषनामांत मात्र माझे मत ठाम आहे: गावकरी म्हणतील तो उच्चार खरा. इंग्लंडच्या ईशान्येतले लोक आपल्या शहराला ‘न्यूकॅसल’ म्हणतात, जोरही ‘कॅ’वर देतात, लंडनवाले त्याचे ‘न्यूकासल’ करतात. ऑस्ट्रेलियातले त्याच नावाचे शहर मात्र तिथल्या लोकांच्या तोंडी ‘न्यूकासल’. अमेरिकेतल्या नेवॅडात ‘नेवाडा’ म्हणून पाहा, लगेच कोणीतरी दुरुस्त करील. आणि गोव्याच्या सीमेवरचे आपले स्टेशन ‘कॅसल रॉक’च, लंडनच्या उच्चाराप्रमाणे त्याचे ‘कासल रॉक’ करायचे काही कारण नाही.

तेव्हा पुतण्याला इंग्रजी बोलताना ‘क्लॅस’ म्हणू द्या, ते त्याच्या गावचे इंग्रजी आहे. मराठीत बोलताना मात्र त्याला ‘क्लास’, ‘नापास’, ‘फास्ट लोकल’ असेच शिकवा, कारण हे शब्द आता मराठीचे आहेत. ‘नापॅस’ कोण म्हणेल?

एक शब्द मात्र या हिशेबात बसत नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये ‘साम्पल’ म्हणतात आणि आपण सर्रास ‘सॅम्पल’. ‘एक्झाम्पल’मध्ये आपण ‘आ’ राखला, त्याच्याच भावंडात तो का सोडला, याचा कोणी जुन्या छापील मजकुरातून माग काढला तर वाचायला मला फार आवडेल.