जर्मनीत मेंदूच्या इमेजिंगवर पीएचडी करायची आहे? आधी नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलला जाऊन ये

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजात बीटेकचं शेवटचं वर्ष, एमआरआयवरून अल्झायमर ओळखणारा प्रोजेक्ट ९९ टक्के अचूक आलाय, काकांना बऱ्याच वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे, म्हणून स्कॅनवरून मनोविकार आधीच ओळखता यावा यावर जर्मनीत पीएचडी करायची आहे. थेट मिळेल का, पैसे किती लागतील, की बाबा म्हणतात तशी आयटीतली नोकरी धरावी? मी नागपूरच्याच त्रिमूर्तीनगरचा, आता जर्मनीत लाइपझिगमध्ये याच विषयात काम करतो. तू दादा म्हणून विचारलंस, तेव्हा स्पष्टच लिहितो.

आधी त्या ९९ टक्क्यांचं बघू. नेटवर अल्झायमरच्या फोटोंचे जे तयार संच फिरतात, त्यात एकाच माणसाच्या मेंदूचे बरेच स्लाइस, म्हणजे एकेका कापाचे फोटो, असतात. सगळे सरमिसळ करून ट्रेन-टेस्ट पाडले की एक स्लाइस शिकवायला जातो आणि त्याच माणसाचा शेजारचा स्लाइस परीक्षेला. मग मॉडेलला आजार ओळखायची गरजच उरत नाही, ते माणूस ओळखून मोकळं होतं. वाटणी माणसागणिक कर आणि पुन्हा चालव. आकडा धाडकन खाली येईल. अर्जात तोच लिही आणि का खाली आला तेही लिही. ९९ टक्के वाचून इथले प्राध्यापक पुढचा अर्ज उघडतात.

त्यानंतर एक काम लॅपटॉपवरच करता येईल. ऑटिझमचा अबाइड नावाचा खुला डेटा आहे. पहिल्या खेपेत १७ ठिकाणांहून १,११२ जणांचे स्कॅन जमवलेले आहेत. १६ ठिकाणांवर मॉडेल शिकव आणि सतराव्यावर तपास. मग मेंदू पूर्ण बाजूला ठेव आणि फक्त वय, लिंग, स्कॅन कुठल्या मशीनवर झाला आणि माणूस किती हलला, एवढ्यावरून निदान सांगता येतं का ते बघ. तुझं डीप लर्निंग मॉडेल या चार रकान्यांच्या किती पुढे गेलं, हे सांगता आलं की मुलाखतीत अर्धी लढाई जिंकलीस.

हलण्याचं मुद्दाम सांगतो, कारण या विषयात सगळ्यात जास्त फसगत तिथंच झाली आहे. एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचं काम दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये, आपण मेंदूतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचे चढउतार बघतो आणि कुठले भाग एका लयीत चालतात ते मोजतो. हा बदल इतका बारीक असतो की डोकं अर्धा मिलिमीटर हललं तरी आकड्यांत गोंधळ होतो, आणि गोंधळही शिस्तीत होतो: जवळच्या भागांचा संबंध वाढलेला दिसतो, दूरच्यांचा घटलेला. मुलं मोठी होताना जवळचे धागे सैल होतात आणि दूरचे घट्ट, असा निष्कर्ष तेव्हा चांगलाच गाजत होता. २०१२ मध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं की त्यातला काही भाग निव्वळ हलण्याचा होता. लहान मुलं जास्त चुळबुळ करतात, एवढंच. आता रुग्णांचा विचार कर. ऑटिझम असलेलं मूल मशीनच्या त्या ठणठणाटात गप्प पडून राहील का? मनोविकारावरच्या काही औषधांनीच अंगात बेचैनी येते. म्हणजे रुग्ण आणि निरोगी यांच्यातला फरक म्हणून आपण जो छापतो, त्यात आजार किती, औषध किती आणि चुळबुळ किती, हे सोडवून काढणं हीच खरी नोकरी. मॉडेलची नवीन रचना लावणं हे त्यातलं सोपं काम.

काकांबद्दल. स्किझोफ्रेनियाचं निदान आजही डॉक्टर बोलून, ऐकून आणि लक्षणं बघून करतात. स्कॅन काढतात तो गाठ, सूज असं दुसरं काही नाही ना हे बघायला. एनिग्मा या जागतिक गटाने २०१६ मध्ये २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी लोकांचे स्कॅन एकत्र मांडले. हिप्पोकॅम्पस हा आठवणींशी जोडलेला मेंदूचा भाग रुग्णांत सरासरीने लहान दिसला, खात्रीने दिसला, पण दोन्ही गटांचे आलेख एकमेकांवर इतके चढलेले की एका माणसाचा स्कॅन हातात देऊन हा रुग्ण की नाही, हे सांगता येत नाही. हे माहीत असूनही याच विषयात राहायचं असेल तर जरूर ये. मात्र तीन वर्षांत तपासणी तयार करीन असं घरी सांगून निघू नको. त्यापेक्षा न्यूरोलॉजीत, म्हणजे फिट्ससारख्या मेंदूच्या आजारांत, कामाचा उपयोग रुग्णापर्यंत लवकर पोचतो. फिट्स औषधाला दाद देत नसतील आणि मेंदूच्या सालीतला जन्मजात बारीक दोष डोळ्यांना दिसत नसेल, तर तो शोधून देणारी सॉफ्टवेअर आज आहेत. लंडनच्या मेल्ड प्रकल्पाचं काम वाच. जागा सापडली की सर्जनला पुढचा विचार करता येतो.

आता मेडिकल. उरलेलं वर्ष नागपुरात आहेस तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांच्या रेडिओलॉजीत विभागप्रमुखांना भेट, कॉलेजचं पत्र घेऊन जा, आणि नुसतं बसायची परवानगी माग. नाहीच मिळाली तर धंतोली-रामदासपेठेत एमआरआय सेंटरांची कमी नाही. (मे महिन्यात जा. मशीनसाठी ती खोली थंड ठेवतात, शहरात तशी जागा दुसरी नाही.) टेक्निशियन पेशंटच्या डोक्याच्या बाजूला स्पंज कसे ठोसतात, किती वेळा "हलू नका बाप्पा" म्हणतात, हललेल्या माणसाच्या चित्रावर तळ्यातल्या लहरींसारखे पट्टे कसे उठतात, ते स्क्रीनवर बघ. डेटा मात्र पेनड्राइव्हवर आणायचा नाही, नाव काढलेलासुद्धा नाही. एमआरआयवरून चेहरा परत उभा करता येतो, म्हणून आम्ही चित्रातले नाक-डोळे कापल्याशिवाय स्कॅन कुणाला देत नाही.

तिथे बसलीस की प्रश्नही तिथलेच सापडतील. आम्ही इथे यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या लोकांच्या ज्या मोठ्या आरोग्य-डेटावर मॉडेलं शिकवतो, त्यातले लोक भरतीच्या वेळी ४० ते ६९ वर्षांचे, आणि बहुतेक सगळे गोरे. अळीच्या गाठीमुळे येणाऱ्या फिट्स आपल्याकडे नेहमीच्या, त्या मॉडेलने पाहिलेल्याच नाहीत. आणि सिकलसेल! रक्ताचा हा आनुवंशिक आजार विदर्भात गावोगाव आहे. या आजारात लक्षणं न दाखवता मेंदूत बारीक इन्फार्क्ट होतात, म्हणजे रक्त न पोचल्याने छोटे भाग मरतात. अमेरिकेतल्या अभ्यासांत तीव्र प्रकारच्या सिकलसेलमध्ये सहा वर्षांच्या आतल्या साधारण पाव मुलांत ते दिसले. भारतातला जनुकीय प्रकार आफ्रिकेतल्याहून वेगळा आहे, मग आपल्या मुलांच्या मेंदूत काय होतं? हा प्रश्न घेऊन येणारी नागपूरची मुलगी इथे लक्षात राहील. अल्झायमर वर्गीकरणवाले अर्ज ढिगाने येतात.

कागदपत्रांचं पटकन. बीटेकवर थेट पीएचडी सहसा मिळत नाही, मास्टर्स लागतं. ट्युबिंगन आणि बर्लिनला कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्सचे इंग्रजीतले कोर्स आहेत, जागा मोजक्या. ट्युबिंगन ज्या राज्यात आहे तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्या-खाण्याचा खर्च आहे हे व्हिसासाठी दाखवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. एपीएस, म्हणजे आपल्या पदव्या खऱ्या आहेत का हे तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाच्या प्रमाणपत्राशिवाय विद्यार्थी व्हिसाचं पान हलत नाही. १८,००० रुपये लागतात आणि वेळही खातं, तेव्हा ते आधी कर. जर्मन शीक. लॅबमध्ये इंग्रजी चालतं, पण रुग्णाला मशीनमध्ये झोपवताना नाही चालत.

बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पीएचडीला इथे पगार मिळतो, पण करार बहुधा ६५ टक्के पगाराचा आणि काम पूर्ण. पुढे विद्यापीठात तात्पुरत्या करारांवर साधारण सहा वर्षं पीएचडीआधी आणि सहा नंतर, एवढीच कायद्याची मर्यादा. कायमची जागा फार थोड्यांना. बरेच जण शेवटी सीमेन्स हेल्थिनियर्ससारख्या वैद्यकीय मशीन बनवणाऱ्या कंपन्यांत जातात आणि बरे कमावतात. आयटीतली नोकरी दोन वर्षं करून मग आलीस तरी काही बिघडत नाही; ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे तरी स्वतःचे असतील.

अबाइडचे आकडे आले की इथेच टाक. आणि सिकलसेलबद्दल कुणा प्राध्यापकांना लिहायचं ठरवलंस तर ईमेल आधी मला पाठव. दोन परिच्छेदांच्या वर जाऊ देऊ नको, आणि त्यात काकांबद्दल काही लिहू नको.