जुनी गाडी, आजचा वेग : रेस्टोमॉडमध्ये करिअर करायचं तर

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या क्लासिक गाड्या आजच्या वेगासाठी नव्याने बांधतात, त्या रेस्टोमॉडचं मला वेड आहे. पण रेस्टोमॉड नेमकं कशाला म्हणायचं, यावर आमच्यातच एकमत नाही. कुणी म्हणतं, मोठं इंजिन टाकलं की झालं. आजोबांची जुनी सेदान घरी उभी आहे. तिच्यात आधुनिक इंजिन बसवून सुरुवात करू का? बाबा म्हणतात, हा पैसेवाल्यांचा छंद आहे, यात करिअर नसतं. मला योग्य दिशा सांगाल का?

उत्तर : तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं तर पुढचे दोन बरेचसे त्यातूनच सुटतील, म्हणून त्यावरच जास्त बोलते.

मूळ गाडी जशी कारखान्यातून बाहेर पडली तशीच पुन्हा उभी करणं, म्हणजे रिस्टोरेशन. तिथे कार्ब्युरेटर त्याच जातीचा, रंग त्याच छटेचा, स्क्रूसुद्धा त्या काळचा. काम बरोबर झालं की नाही, हे जुन्या नोंदी आणि छायाचित्रं ठरवतात. रेस्टोमॉडमध्ये ते गाडी चालवताना ठरतं. बाहेरून रूप जुनंच, बसण्याची ढब, काचेतून पुढचं बॉनेट दिसतं तो कोन, इंजिनाचा आवाज हेही शक्य तितकं जुनं. पण आजच्या वेगात ती सरळ थांबली पाहिजे, वळणावर विश्वास वाटला पाहिजे आणि ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकली तरी तापता कामा नये. आणखी एक अट मी काटेकोर मानते : सुरुवात खऱ्या जुन्या गाडीपासून व्हायला हवी. नव्या चासीवर (सांगाड्यावर) जुन्या आकाराचं कवच चढवलं, तर ती प्रतिकृती. ती सुंदर असू शकते, पण ते काम वेगळं.

आता मोठ्या इंजिनाबद्दल. समज, जुन्या गाडीला मागे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेला सरळ अ‍ॅक्सल आहे आणि तू तिथे दुप्पट टॉर्कचं (फिरवण्याच्या जोराचं) इंजिन टाकलंस. क्लच सोडताच पाटे पिळवटून इंग्रजी एस अक्षरासारखे होतात, डिफरेन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) तोंड वर उचललं जातं, पाटे परत सरळ होतात, पुन्हा पिळवटतात. चाकं रस्त्यावर आपटत उड्या मारतात, धक्का प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटला बसतो आणि एखाद दिवशी तो तुटतो. यावर उपाय म्हणून अ‍ॅक्सल चार दांड्यांवर पेलायचा आणि कॉइलओव्हर (शॉक अब्सॉर्बरवरच बसवलेल्या कॉइल स्प्रिंग) बसवायचे ठरवलंस, तर त्या दांड्या जिथे पकडायच्या तिथला पत्रा हा भार घ्यायला कधी बनलाच नव्हता. तिथे आतून मजबुती द्यावी लागते. बॉडी कडक झाली आणि रुंद टायर आले की वळणावरची पकड वाढते. पकड वाढली की वळताना टाकीतलं पेट्रोल आणि सम्पमधलं (इंजिनाच्या तळपेटीतलं) ऑइल एका बाजूला सरकतं, म्हणून आत आडव्या पट्ट्या हव्यात, नाहीतर भर वळणात ऑइलचा दाब पडतो.

ब्रेकचंही असंच. ड्रम काढून डिस्क लावली आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं ऑइल पुढे ढकलणारा) जुनाच ठेवला, तर पेडल एकतर कडक होतं, नाहीतर खोल जातं. ड्रमसाठी लाइनमध्ये थोडा दाब अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड कायम घासत राहतात. पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण चुकलं तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. मोठ्या डिस्कसाठी मोठी रिम आली, रिमचा ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते अंतर) बदलला की स्टिअरिंग जड होतं. गाडी खाली बसवली की टाय रॉडचा (चाक वळवणाऱ्या दांडीचा) कोन बदलतो आणि खड्डा आला की चाकं आपोआप वळायला लागतात. एक नट फिरवला की दहा ठिकाणी त्याचा जाब द्यावा लागतो.

हे सगळे जाब ज्या गाडीत आधीच दिलेले असतात, ती माझ्या मते खरी रेस्टोमॉड. किती नवे भाग टाकले याला फारसा अर्थ नाही.

दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघ. कॅलिफोर्नियातली सिंगर ही कंपनी पोर्शे ९११ वर काम करते. त्यांच्या गाड्या दिसायला साठ-सत्तरच्या दशकातल्या वाटतात, पण ज्या कामामुळे त्या नावारूपाला आल्या, त्याचा पाया १९८९ ते १९९४ या काळातली ९६४ पिढीची गाडी आहे. या पिढीत पोर्शेने जुने टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) काढून कॉइल स्प्रिंग आणले, पॉवर स्टिअरिंग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिलं. म्हणजे हवेने थंड होणारं इंजिन आणि जुना स्वभाव कायम, पण सुधारणेला वाव असलेला सांगाडा. पाया निवडण्यातच अर्धं इंजिनीअरिंग झालं. त्यावर कार्बन फायबरची बॉडी येते, इंजिन नव्याने बांधलं जातं, आणि आतल्या शिलाईपर्यंत सगळं एकाच हाताचं वाटतं.

दुसरं उदाहरण स्वीडनच्या सायन रेसिंगचं. २०२० मध्ये त्यांनी साठच्या दशकातल्या व्होल्वो पी१८०० वर एक गाडी बांधली : दोन लिटरचं टर्बो इंजिन, ४२० अश्वशक्ती, वजन अवघं ९९० किलो. मूळ गाडीची ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास होती. आणि तरी या गाडीत एबीएस नाही, चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल नाही, ब्रेकचं पेडल हलकं करणारा बूस्टरही नाही. रेसिंगमध्ये मुरलेल्या माणसांनी हे विचारपूर्वक वगळलं, कारण ड्रायव्हरला त्या काळच्या गाडीचा थेटपणा हातात आणि पायात जाणवावा, अशी त्यांची इच्छा होती. चाकांची रुंदी, सस्पेन्शन, बॉडीचा कडकपणा मात्र पूर्णपणे नव्याने विचारात घेतला. आधुनिक कामगिरी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची भरती, असं तुझ्या गटात कुणी म्हणालं तर त्याला हे उदाहरण दे.

काय ठेवायचं याचा निर्णय काय बदलायचं यापेक्षा अवघड असतो, असं मला मनापासून वाटतं. गाडी इतकी सुधारायची की ती कुठल्याही नव्या गाडीसारखीच चालायला लागली, तर मग जुनी गाडी कापली कशाला? दुर्मीळ, मूळ इंजिन-नंबरासकट टिकलेली गाडी तर अजिबात कापू नये. ज्या गाडीचं इंजिन केव्हाच गेलंय, पत्रा गंजलाय, जी मूळ रूपात आणण्यात कुणाला रस नाही, तीच या कामासाठी घ्यावी.

त्यामुळे आजोबांच्या सेदानबद्दल : इंजिनाला आत्ता हात लावू नकोस. आधी गाडी उघडून गंज कुठे आहे ते बघ, प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि मापं लिहून ठेव. मग ब्रेक, मग स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे), मग कूलिंग आणि वायरिंग. जुन्या तारांचं इन्सुलेशन ठिसूळ झालेलं असतं आणि अशा गाड्यांना आग लागण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. जमेल तितकं परत फिरवता येईल असं काम कर, म्हणजे बोल्टने बसवलेलं, कापून जोडलेलं नव्हे. एवढं करून गाडी नीट चालली तर तुला चारचौघांपेक्षा जास्त कळलेलं असेल. इंजिन बदलण्याआधी तुमच्याकडचे नोंदणीचे, प्रदूषणाचे आणि विम्याचे नियम कागदावर वाच. हे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात, आणि रस्त्यावर न येऊ शकणारी गाडी या क्षेत्रात अपुरीच समजली जाते.

आता करिअर. इथे बाबांशी मी अर्धी सहमत आहे. ग्राहक पैसेवाले असतात, हे खरं. पण गाडी बांधणारे पैसेवाले नसतात, ते कारागीर आणि इंजिनीअर असतात, आणि चांगला माणूस मिळणं हीच या धंद्यातली नेहमीची तक्रार आहे. वर्कशॉप छोटी, जागा मोजक्या, सुरुवातीचा पगार मोठ्या कार कंपनीपेक्षा बहुधा कमी. हे घरी लपवू नकोस. बाबांना दुसरी बाजूही सांग : यात जे शिकशील ते मोटरस्पोर्ट, प्रोटोटाइप बनवणाऱ्या कंपन्या, गाड्यांचं टेस्टिंग आणि जुन्या गाड्या इलेक्ट्रिक करणारे स्टुडिओ, सगळीकडे चालतं. रेस्टोमॉडचं दार बंद झालं तरी हात रिकामे राहत नाहीत.

पदवी पूर्ण कर. सिंगरचे संस्थापक रॉब डिकिन्सन कार डिझाइन शिकले होते, लोटस या ब्रिटिश कार कंपनीत काम करून नंतर अनेक वर्षं रॉक बँडमध्ये गायले आणि २००९ मध्ये त्यांनी कंपनी काढली. वाट वाकडी होती, पण डिझाइनचं शिक्षण पायाशी होतं. अमेरिकेत कॅन्ससच्या मॅकफर्सन कॉलेजमध्ये ऑटोमोटिव्ह रिस्टोरेशनची चार वर्षांची पदवी आहे. हातकामही शिक्षणाच्या दर्जाचं मानलं जातं, याचं ते चांगलं उदाहरण. तिकडे जायलाच हवं असं मात्र मुळीच नाही.

कॉलेजात फॉर्म्युला स्टुडंटची (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसकार बांधायची स्पर्धा) टीम असेल तर या आठवड्यात जाऊन नाव दे. सस्पेन्शनची भूमिती कागदावर काढून, ती वेल्ड करून, मग ट्रॅकवर ती चुकीची का वागली हे शोधणं, असा पूर्ण फेरा विद्यार्थ्याला दुसरीकडे क्वचितच मिळतो. त्याच्या जोडीला एक हातकौशल्य खोलवर धर. टिग वेल्डिंग, पत्र्याचं काम, वायरिंग हार्नेस बनवणं, ईसीयू मॅपिंग (इंजिनाच्या संगणकाचं सेटिंग), थ्रीडी स्कॅन करून कॅडमध्ये (संगणकावर आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) भाग उभे करणं, यातलं कुठलंही चालेल. तुझा कल मोजमाप आणि हिशेबाकडे असेल, तर माझा कौल सस्पेन्शन आणि कॅडच्या बाजूने. पण वेल्डिंगचा मूलभूत कोर्स कर, कारण जो ब्रॅकेट तू डिझाइन करशील तो वेल्डरला पोचता येईल अशा जागी आहे का, हे स्वतः वेल्डिंगचा टॉर्च धरल्याशिवाय कळत नाही.

पोर्टफोलिओत चकचकीत फोटो कमी ठेव. एखादा भाग का बदलला, त्याचा शेजारच्या भागांवर काय परिणाम झाला, मापं काय घेतली, कुठे फसलं आणि पुन्हा कसं केलं, असं पानभर लिहिलेलं एक काम दहा फोटोंपेक्षा जास्त वजनाचं ठरतं.

पहिली नोकरी निवडताना वर्कशॉपमध्ये दिवसभर थांबायची परवानगी माग. तयार गाडीपेक्षा अर्धवट गाडी बघ : ब्रेकचे पाइप नीट क्लिपमध्ये बसवलेत का, तारांवर लेबलं आहेत का, बोल्ट टॉर्क रेंचने आवळून त्यावर खूण करतात का. गाडी ग्राहकाला देण्याआधी किती किलोमीटर चालवून बघता आणि काय काय नोंदवता, हे विचार. चाचणीची वही उघडून दाखवणारं ठिकाण मिळालं, तर पगार थोडा कमी असला तरी तिथेच रुजू हो.