परदेशी शिक्षण आणि पीआर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यातील बहुतेक पत्रांमागे एकच काळजी आहे : शिकायला म्हणून परदेशी गेल्यावर तिथे कायमचे राहता येईल का, म्हणजेच पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळेल का, आणि त्या आशेवर किती पैसा लावावा. निरनिराळ्या परिस्थितीतील चार पत्रे येथे घेतली आहेत. नियम वेगाने बदलतात, म्हणून शक्य तिथे तारखा दिल्या आहेत. अर्ज करण्यापूर्वी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ताजी स्थिती अवश्य पाहावी.

प्रश्न : माझी मुलगी 25 वर्षांची असून मुंबई विद्यापीठाची बी.कॉम. आहे आणि तीन वर्षांपासून अंधेरीतील एका कंपनीत अकाउंट्सचे काम करते. दादरच्या एका कन्सल्टंटने तिला कॅनडातील एका कॉलेजचा बिझनेस मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा डिप्लोमा सुचवला आहे. डिप्लोमा झाला की तीन वर्षांचे वर्क परमिट आणि त्यानंतर पीआर नक्की, असे ते सांगतात. त्यासाठी राहती जागा तारण ठेवून कर्ज काढावे लागेल. मी पुढच्या वर्षी निवृत्त होत आहे. हे पाऊल उचलावे का? – एक वडील, मुलुंड पूर्व

उत्तर : या अभ्यासक्रमासाठी राहती जागा तारण ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कन्सल्टंटने दिलेले आश्वासन आजच्या नियमांत बसत नाही.

कॅनडात शिक्षण संपल्यावर जे वर्क परमिट मिळते त्याला पीजीडब्ल्यूपी म्हणतात. 1 नोव्हेंबर 2024 पासून जे विद्यार्थी स्टडी परमिटसाठी अर्ज करतात आणि कॉलेजात डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट कोर्स करतात, त्यांना हे परमिट सरकारने ठरवून दिलेल्या विषयांतच मिळते. आरोग्यसेवा, विज्ञान-तंत्रज्ञान, शेती, वाहतूक, इलेक्ट्रिशियन-प्लंबर यांसारखे कुशल व्यवसाय असे ते विषय आहेत, आणि बिझनेस मॅनेजमेंटचा सर्वसाधारण डिप्लोमा त्यांत येत नाही. म्हणजे आपली मुलगी दोन वर्षे शिकून, फी भरून, वर्क परमिटशिवाय परत येण्याची शक्यताच अधिक आहे. ही यादी अभ्यासक्रमाच्या नावावर चालत नाही, तर सीआयपी नावाच्या सहा आकडी संकेतांकावर चालते. कन्सल्टंटकडून तो संकेतांक लेखी मागावा आणि कॅनडा सरकारच्या यादीत स्वतः तपासावा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. कॉलेज 'डीएलआय' आहे, हे उत्तरही पुरेसे मानू नये, कारण परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी असलेली प्रत्येक संस्था वर्क परमिटसाठी पात्र असतेच असे नाही.

वर्क परमिट मिळाले असे क्षणभर धरले, तरी पीआर हा पूर्णपणे वेगळा अर्ज आहे. त्यासाठी सहसा कॅनडात किमान एक वर्ष कुशल कामाचा अनुभव घेऊन एक्स्प्रेस एंट्रीच्या, म्हणजे पीआरच्या इच्छुकांच्या सरकारी यादीत नाव घालावे लागते आणि तिथे वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांवरून गुण दिले जातात, ज्यांना सीआरएस म्हणतात. वरच्या गुणांच्या उमेदवारांनाच बोलावणे येते. कॅनडातील अनुभवाच्या वर्गात गेल्या काही वर्षांत हे गुण 500 च्या वर राहिले आहेत, आणि नोकरीच्या ऑफरसाठी पूर्वी जे जादा गुण मिळत, ते 25 मार्च 2025 पासून बंद झाले आहेत. वयाचे पूर्ण गुण 29 पर्यंतच असतात; पुढे दरवर्षी ते कमी होतात. आपली मुलगी 26 व्या वर्षी गेली, तर शिक्षण आणि एक वर्षाचा अनुभव धरून ती नेमकी 29 च्या उंबरठ्यावर पोहोचते. एखादे सत्र चुकले किंवा नोकरी मिळायला सहा महिने लागले, तर ही सगळी आकडेमोड बिघडते.

तिचा जायचा निश्चय पक्का असेल तर विद्यापीठातील मास्टर्सचा विचार करावा. विद्यापीठाच्या पदवीधरांना विषयांच्या यादीचे बंधन नाही आणि 15 फेब्रुवारी 2024 पासून मास्टर्स एक वर्षाचे असले तरी तीन वर्षांचे वर्क परमिट मिळू शकते. अडचण अशी की तीन वर्षांची बी.कॉम. अनेक कॅनेडियन विद्यापीठांना मास्टर्सच्या प्रवेशासाठी पुरेशी वाटत नाही. त्यामुळे नोकरी सांभाळून एम.कॉम. पूर्ण करणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरेल. तिचा अंधेरीतील अनुभवही वाया जात नाही, कारण चांगल्या इंग्रजीच्या जोडीला तीन वर्षांचा परदेशी अनुभव असेल तर सीआरएसमध्ये त्याचे गुण मिळतात. आणखी एक गोष्ट कन्सल्टंट सहसा सांगत नाहीत. फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी पीआरच्या वेगळ्या फेऱ्या होतात आणि त्यांतील गुणांची पातळी बरीच खाली असते. मुंबईत अलियाँस फ्रांसेझमध्ये फ्रेंच शिकता येते. दीड-दोन वर्षे मनापासून अभ्यास लागतो, परंतु त्यासाठी घर गहाण टाकावे लागत नाही.

पैशाचे म्हणाल, तर 1 सप्टेंबर 2025 पासून एकट्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च सोडून राहण्या-जेवणासाठी 22,895 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. बँका शिक्षण चालू असताना आणि नंतर काही महिने हप्ता मागत नाहीत, मात्र व्याज त्या काळातही चढत राहते. म्हणून कर्जाचा आकडा ठरवताना मुलगी तिथे डॉलरमध्ये कमावेल असे न धरता, ती परत येऊन इथल्या पगारातून हप्ता भरू शकेल का, हे पाहावे. तो हप्ता झेपणार नसेल तर कर्ज मोठे आहे. निवृत्तीनंतर सहकर्जदार म्हणून बँक आपल्याच दारी येईल, हेही विसरू नये. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील आयकर वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. तो दिलासाही सरसकट गृहीत धरू नये.

प्रश्न : मी 28 वर्षांचा मेकॅनिकल इंजिनीअर असून ऐरोलीत नोकरी करतो. जर्मनीत इंग्रजीतून मोफत मास्टर्स करून तिथेच स्थायिक व्हावे असा विचार आहे. पहिल्या दोन वर्षांत मला केटी लागल्या होत्या. तसेच, पीआर घेतल्यास कोकणातील वडिलोपार्जित शेतजमिनीवर काही परिणाम होईल का? – एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमच्या विषयासाठी आणि खिशासाठी जर्मनी हा आज सर्वांत प्रामाणिक पर्याय आहे, असे मला वाटते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, केवळ सत्राचे किरकोळ शुल्क भरावे लागते. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्राला 1,500 युरो पडतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024 च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना फी सुरू केली आहे. 'मोफत' या नावाखाली एजंट अनेकदा खासगी विद्यापीठांत प्रवेश करून देतात आणि तिथली फी लाखांत जाते. संस्था सरकारी की खासगी, हे आधी विचारा.

भारतीय अर्जदारांना 1 नोव्हेंबर 2022 पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा दाखला, सक्तीचे आहे. त्यासाठी केटी लागलेल्या (विषय राहिलेल्या) सत्रांसह सर्व गुणपत्रिका आत्ताच जमवायला घ्या. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातून दुय्यम गुणपत्रिका किंवा ट्रान्स्क्रिप्ट मिळवण्यात वेळ जातो आणि तेवढ्यासाठी अर्जाची मुदत निघून गेल्याची उदाहरणे आहेत. केटी असल्या म्हणजे दार बंद झाले असे नाही. एकूण गुण आणि विषयांची जुळणी पाहिली जाते. खर्चासाठी बंद खात्यात वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात, ज्यातून दरमहा 992 युरो काढता येतात.

शिक्षणानंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. पदवीला साजेशी नोकरी लागल्यावर दोन वर्षे काम करून आणि 24 महिने पेन्शनचा हप्ता भरून, बी1 (मध्यम) पातळीचे जर्मन येत असेल तर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. इतकी छोटी मुदत फार थोडे देश देतात. मात्र सगळे गाडे अडते ते भाषेवर. मास्टर्स इंग्रजीतून होईल, पण कारखान्यातील बैठका, सुरक्षेच्या सूचना आणि मुलाखती जर्मनमधून होतात, विशेषतः मेकॅनिकलच्या मध्यम आकाराच्या कंपन्यांत. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात संध्याकाळच्या किंवा शनिवार-रविवारच्या वर्गाला नाव घाला आणि निघण्यापूर्वी निदान बी1 गाठा. तिथे पोहोचल्यावर अभ्यास, स्वयंपाक आणि अर्धवेळ काम यांतून भाषेला वेळ उरत नाही.

शेतजमिनीबाबत निश्चिंत राहा. पीआरने भारतीय नागरिकत्व जात नाही आणि वारसाहक्काने आलेली जमीन तुमचीच राहते. मात्र अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. पुढे जर्मन नागरिकत्व घेतलेत, तर भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे कार्ड, काढावे लागेल. ओसीआय कार्डधारकालाही शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. चुलत्यांशी वाटणीचे किंवा सातबाऱ्यावर नाव लावण्याचे काम राहिले असेल, तर ते इथे असतानाच उरका.

प्रश्न : मी 36 वर्षांची असून परळच्या एका रुग्णालयात बारा वर्षे नर्स आहे. ब्रिटनमध्ये हेल्थकेअर मॅनेजमेंटचे एक वर्षाचे मास्टर्स करून पती व मुलासह तिथे राहावे, असे वाटते. – एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, तुमच्या हातात जे कौशल्य आहे त्यासाठी विद्यार्थी होऊन जाण्याची गरजच नाही, आणि तसे गेलात तर नुकसान होईल. जानेवारी 2024 पासून ब्रिटनमध्ये वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना जोडीदार व मुलांना सोबत नेता येत नाही. ती सोय मुख्यतः संशोधनाच्या अभ्यासक्रमांपुरती उरली आहे. शिवाय विद्यार्थी व्हिसावरील आणि त्यानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावरील वर्षे नोकरीच्या मार्गाने कायम वास्तव्यासाठी मोजली जात नाहीत.

नर्स म्हणून जाण्याचा मार्ग असा आहे : तेथील नर्सिंग परिषदेकडे, म्हणजे एनएमसीकडे, नोंदणीचा अर्ज करायचा, इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी द्यायची, संगणकावरची सीबीटी परीक्षा भारतातच द्यायची आणि ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा तिथे गेल्यावर द्यायची. आयईएलटीएसमध्ये लेखनाला 6.5 आणि बाकी तिन्ही भागांत 7 लागतात. ओईटी रुग्णालयातील प्रसंगांवर आधारलेली असल्याने अनुभवी नर्सना ती बहुधा सोपी जाते. नोकरी देणाऱ्या रुग्णालयाकडून व्हिसा मिळाल्यावर नर्सला कुटुंब सोबत नेता येते. एक सावधगिरी मात्र बाळगा. मे 2025 मधील श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने कायम वास्तव्यासाठी लागणारी पाच वर्षांची मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षांवर नेण्याचा मनोदय जाहीर केला आहे, त्यामुळे मुलाच्या शाळेचे आणि इथल्या घराचे नियोजन लांबच्या मुदतीचे ठेवा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडील नोंदणीचे नूतनीकरण राहिले असेल तर सुरुवात तिथूनच करा.

प्रश्न : एसओपीमध्ये (अर्जासोबतच्या हेतुनिवेदनात) 'शिक्षणानंतर भारतात परत येईन' असेच लिहावे लागते का? माझ्या मनात तिथे राहण्याचा विचार आहे. तसेच, बँकेत पुरेसे पैसे नसल्यामुळे एजंट काही दिवसांसाठी 'फंड दाखवून' देण्याची तयारी दाखवतो. ते चालते का? – एक विद्यार्थी, बोरिवली

उत्तर : देशानुसार फरक आहे. कॅनडाच्या कायद्यात पुढे कायम राहण्याची इच्छा असणे हे नकाराचे कारण मानलेले नाही. परवानगी संपली तर तुम्ही देश सोडाल, एवढी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. ऑस्ट्रेलियाने 23 मार्च 2024 पासून 'जेन्युइन स्टुडंट' ही कसोटी लावली आहे; तिथे हाच अभ्यासक्रम का निवडला आणि आधीच्या शिक्षणाशी व कामाशी त्याचा संबंध काय, यावर भर असतो. अमेरिकेचा एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा सर्वांत कडक आहे. अर्जदाराला कायमचेच यायचे आहे असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नाही हे बीकेसीतील अमेरिकी वकिलातीच्या मुलाखतीत तुम्हाला पटवून द्यावे लागते. कोणत्याही देशासाठी इंटरनेटवरून उचललेली देशभक्तीची वाक्ये घालू नका. इथले कुटुंब, कामाचा अनुभव, परत आल्यास कोणत्या क्षेत्रात नोकरी मिळेल, हे खरे आणि नेमके लिहा. तिथे राहण्याची शक्यता खुली आहे म्हणून यातले काही खोटे ठरत नाही.

उसने फंड दाखवण्याला माझा ठाम नकार आहे. कॅनडात चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर पाच वर्षे अर्ज करता येत नाही आणि ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी ही बंदी दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. कॅनडात 2023 मध्ये बनावट प्रवेशपत्रांचे प्रकरण उघड झाले, तेव्हा अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर शिक्षण संपवून नोकरीला लागल्यानंतर देश सोडण्याची पाळी आली होती. त्यांतील कित्येकांना आपले पत्र बनावट आहे हे ठाऊकही नव्हते. अर्ज एजंटने भरला तरी जबाबदारी तुमचीच धरली जाते. पैसे कमी पडत असतील तर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्जमंजुरीपत्र चालते, आई-वडिलांच्या नावावरील मुदतठेवीही बहुतेक ठिकाणी चालतात. एजंटला शेवटचा हप्ता देण्यापूर्वी सादर केलेल्या अर्जाची पूर्ण प्रत आणि अर्जाच्या खात्याचा पासवर्ड स्वतःकडे घ्या, आणि प्रवेशपत्राची खात्री थेट कॉलेजला ई-मेल करून करा.