२६६६ च्या जोडीला ३२०० ची रॅम चालेल का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: आय५-९४०० प्रोसेसर, एच३१० चिपसेटचा मदरबोर्ड, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, आत रॅमची ८ जीबी डीडीआर४ २६६६ ची एकच स्टिक (२६६६ हा तिच्या गतीचा आकडा). म्हापशातल्या दुकानात ८ जीबी ३२०० मिळते, २६६६ संपलेली. घ्यावी की थांबावे?

घ्या, चालेल. फक्त ती ३२०० ने नाही, २६६६ नेच धावेल. प्रोसेसर, बोर्ड आणि सगळ्यात हळू स्टिक, या तिघांत ज्याची मर्यादा कमी तीच सगळ्यांची गती होते. तुमचा प्रोसेसर २६६६ पर्यंतचा आणि बोर्डही तेवढ्याचाच, म्हणून दोन्ही स्टिक ३२०० च्या घातल्या तरी आकडा बदलणार नाही. किमतीत शे-दोनशेचा फरक असेल तर तो भरायचे कारण नाही. पुढे बोर्ड बदलायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी.

खरी मेख दुसरीकडेच आहे. ३२०० लिहिलेल्या स्टिक दोन जातीच्या असतात. साधी, हिरवी किंवा काळी, पत्र्याशिवायची, १.२ व्होल्टची स्टिक असेल तर ३२०० हीच तिची मूळ गती. तिच्या लेबलवर ‘१आरएक्स८ पीसी४-३२००एए-यू…’ अशी ओळ सापडेल. ही २६६६ वर उतरली की तिचे सीएल (मागितलेला डेटा द्यायला लागणारे ठोके) २२ वरून १९ होते आणि लेबलवर ‘२६६६व्ही’ असलेल्या तुमच्या जुन्या स्टिकला नेमके तेवढेच लागते. दोघींचे छान जमते.

दुसरी जात गेमिंगची. वर पत्रा, कधी दिवे, लेबलवर १.३५ व्होल्ट आणि सीएल १६. हिची ३२०० ही गती एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे कंपनीने स्टिकमध्येच भरून ठेवलेली जास्त गतीची सेटिंग, चालू केली तरच मिळते. मूळ गती बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० असते. तुमच्या बोर्डावर ३२०० ची प्रोफाइल लागणार नाही, मग ती स्वतः खाली उतरते आणि तुमची जुनी स्टिकही सोबत ओढते. महागडी रॅम घालून मशीन आधीपेक्षा हळू, असा प्रकार होतो तो यामुळे. काही बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) हाताने २६६६ लावता येते, पण टायमिंग, म्हणजे सीएलसारखे आकडे, जुळवत बसायची हौस असेल तरच त्या वाटेला जा.

दुकानात लेबल वाचताना आणखी दोन खुणा बघा. ‘१आरएक्स१६’ असेल तर तिच्यावर फक्त चार मोठ्या चिप असतात आणि ती त्याच गतीला थोडी मंद पडते. आठ चिपची ‘१आरएक्स८’ मागा. गतीच्या आकड्यानंतर ‘यू’ हवा. ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची, ‘आर’ म्हणजे सर्व्हरची. सर्व्हरची जुनी रॅम स्वस्तात मिळते, तुमच्या स्लॉटमध्ये बसतेही, पण स्क्रीन काळीच राहते.

गतीपेक्षा तुम्हाला फायदा होणार आहे तो दुसऱ्या स्टिकचाच. एका स्टिकमुळे रॅम ते प्रोसेसर एकच वाट (चॅनल) चालते आणि तिच्यावरून सेकंदाला जेमतेम २१ जीबी डेटा जातो, दोन झाल्या की ४२. ग्राफिक्स प्रोसेसरमधलेच असल्याने तेही याच रॅमवर जगते, त्यामुळे हा फरक गेममध्ये डोळ्यांना दिसेल. ८ सोबत १६ घातली तरी चालते. पहिले ८ अधिक ८ जोडीने आणि वरचे ८ एकेरी चालतात.

बसवताना वायर भिंतीतून काढा, पॉवरचे बटण पाच सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखे दाबा, ‘टक्’ आवाज यायला हवा. पहिल्यांदा चालू करताना अर्धा-एक मिनिट स्क्रीन काळी राहू शकते, लगेच बटण दाबू नका. तरीही बीप येत राहिले तर एक-एक स्टिक आलटून पालटून लावून पाहा. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर बसतो. समुद्राजवळच्या घरांत हे हमखास. खोडरबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो, त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. तेवढ्यानेही नाही झाले तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटे काढून परत बसवा, बायोस मूळपदावर येते.

चालू झाल्यावर टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर गती २६६६ आणि दोन्ही स्लॉट भरलेले दिसले पाहिजेत. सीपीयू-झी हे मशीनची माहिती दाखवणारे ॲप १३३० च्या आसपास आकडा दाखवेल. घाबरू नका, डीडीआरमध्ये प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून त्याची दुप्पट करायची. २४०० किंवा २१३३ दिसले तर दुकानदाराने दुसऱ्या जातीची स्टिक दिली, असे समजा.

मग पेनड्राइव्हवर रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ टाकून रात्री चार फेऱ्या होऊ द्या. पावसाळ्यात यूपीएसवर लावा, नाहीतर तिसऱ्या फेरीला वीज जाते आणि पुन्हा पहिल्यापासून. एक जरी चूक लाल अक्षरांत दिसली तर एकेक स्टिक वेगळी तपासा, आणि नवी निघाली तर बिल घेऊन सरळ दुकान गाठा.