परदेशात नाटक पाहून लिहिणाऱ्याला काही मिळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : परदेशात जाऊन नाटकं पाहिल्याने नव्या लेखकाला खरंच काही मिळतं, की तो नुसता मिरवण्याचा प्रकार? आणि इंग्रजी डोक्यावरून गेलं तर?

मिरवायला मिळतं, हे आधीच कबूल करते. मी एकांकिका लिहिते, त्यामुळे लंडनला अकरा दिवस राहायची संधी आली तेव्हा संग्रहालयं बाजूला ठेवली आणि पाच नाटकं पाहिली.

त्यातल्या तीन नाटकांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्यातलीच एक संगीतिका, वेस्ट एंड या लंडनच्या नाट्यगृहांच्या भागात पाहिलेली. नेपथ्य इतकं सरकत, फिरत, वर उचललं जात होतं की गोष्ट सोडून मी यंत्रच बघत बसले. 'द माउसट्रॅप' हे अगाथा ख्रिस्तीचं रहस्यनाटक मात्र कुतूहल म्हणून पाहिलं. १९५२ साली सुरू झालेलं हे नाटक कोविडचा खंड वगळता अजून चालू आहे. खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी शेवटी प्रेक्षकांना विनंती करतात, ती मी पाळते आहे. संवाद मला जुनाट वाटले. पण पात्रं खोलीतून बाहेर का जातात आणि नेमकी केव्हा परत येतात, हे मी वहीत उतरवून घेतलं. माझी पात्रं बहुतेकदा 'पाणी आणते' म्हणून विंगेत जातात.

खरा धक्का बसला तो थेम्सच्या काठावरच्या ग्लोब नाट्यगृहात. शेक्सपिअरच्या काळातलं मूळ ग्लोब १६१३ साली जळलं. प्रयोगात तोफ उडवली, ठिणगी गवताच्या छपरावर पडली आणि सगळं भस्म झालं. (एकाच्या विजारीने पेट घेतला, ती म्हणे बिअर ओतून विझवली.) आजचं ग्लोब १९९७ साली खुलं झालं, मूळ जागेपासून जवळच. त्यासाठी वर्षानुवर्षं झटलेला अमेरिकन नट सॅम वानामेकर ते पाहायला उरला नव्हता. मध्ये उघडं आभाळ, भोवती लाकडी सज्जे आणि रंगमंचापुढच्या मोकळ्या चौकात साधारण ७०० माणसं उभी. उभ्याची तिकिटं तेव्हा ५ पौंडांपासून होती, म्हणून मीही उभीच.

नाटक होतं 'हॅम्लेट'. आगरकरांनी 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणलं तेच. तिथे प्रेक्षकांवर अंधार करत नाहीत. दुपारी ऊन असतं आणि रात्रीच्या खेळालाही नट आणि प्रेक्षक एकाच उजेडात. दुसऱ्या अंकातल्या स्वगतात, बापाच्या खुनाचा सूड घेणं लांबवणारा राजपुत्र हॅम्लेट विचारतो, मी भेकड आहे का? हे वाक्य मी घरी वाचलं होतं तेव्हा मला तो शून्यात बघून पुटपुटताना दिसला होता. इथे नट कडेपर्यंत आला, माझ्या शेजारच्या गृहस्थांकडे बघून त्याने विचारलं आणि थांबला. चांगला थांबला. मागून कुणीतरी 'हो!' म्हणालं. हशा झाला, नटाचा चेहरा पडला, आणि पुढची चिडलेली वाक्यं त्या 'हो'ला दिलेलं उत्तर होऊन आली.

मी तोवर सात-आठ स्वगतं लिहिली होती. प्रत्येकाच्या वर कंसात एकच सूचना : अंधार, एक झोत, पात्र स्वतःशी. आत खोल काहीतरी चाललंय असं दाखवायचा तो माझा हुकमी मार्ग होता. ज्या माणसाला कुणाकडून तरी उत्तर हवं आहे तो स्वतःशी कशाला बोलेल, हे मला त्या दुपारी पाय दुखत असताना सुचलं. परत आल्यावर एका एकांकिकेतलं स्वगत नव्याने लिहिलं. त्यात बाई प्रेक्षकांना तीन सरळ प्रश्न विचारते. पहिल्या तालमीत आमची नटी म्हणाली, 'आणि कुणी खरंच उत्तर दिलं तर?' त्यावर अजून भांडतोय.

आता भाषेचं. निम्मे शब्द मला कळले नाहीत, आणि 'हॅम्लेट' मी आधी मराठीत वाचून गेले होते तरी. वाचून जाच. कथा ठाऊक असली की कान शब्दांमागे धावत नाहीत, कोण कुणाला टाळतंय हे दिसायला लागतं. लिहिणाऱ्याला ते जास्त उपयोगी. कुठला उतारा नुसत्या हालचालीवर निभावला आणि कुठे मी जांभई दिली, याच्या खुणा मी परतताना गाडीतच संहितेच्या समासात केल्या.

एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही. शेवटी सगळी प्रेतं उठतात आणि टाळ्यांच्या ठेक्यावर नाचतात. तिथली ती जुनी प्रथा आहे. लोक खूश होते. मला अजून दोन मिनिटं शांतता हवी होती.

ग्लोबला जाणार असाल तर उभ्याचंच तिकीट काढा. दार उघडायच्या अर्धा तास आधी रांगेत लागा आणि आत शिरल्या शिरल्या रंगमंचाची कड पकडा, कोपरं टेकता येतात. प्रयोग चालू असताना खाली बसू देत नाहीत. पाऊस आला तरी खेळ थांबत नाही आणि छत्री उघडता येत नाही, तेव्हा रेनकोट न्या.