वाचकांचे प्रश्न : म्युनिकमध्ये दोघांचं बस्तान बसवताना

प्रश्न : माझ्या नवऱ्याला म्युनिकमध्ये नोकरी लागली आहे. तो ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या निवास परवान्यावर, जाणार आहे आणि मीही सोबतच जाणार आहे. पहिल्या महिन्याची राहण्याची सोय कंपनी करणार आहे. पोचल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी पत्त्याची नोंदणी. तिला तिथे ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. करक्रमांक त्याशिवाय मिळत नाही आणि पुढची बरीच कामं त्यावर अडतात. घरात राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत ही नोंदणी करायची असते. महापालिकेच्या ब्युर्गरब्युरोची, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयाची, वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. ती लगेच मिळेलच असं नाही, म्हणून पत्ता ठरला की त्याच दिवशी शोधायला लागा.

नोंदणीला पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही करून दिलेला ‘ही माणसं इथे राहायला आली’ असा दाखला लागतो. बरेच जण नुसता भाडेकरार घेऊन जातात आणि परत पाठवले जातात. कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या घराचा मालक हा दाखला देणार आहे का, हे निघण्यापूर्वीच कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत आणि जर्मनीत शपथबद्ध असलेल्या अनुवादकाकडून केलेलं भाषांतर सोबत ठेवा. पगारातून दरमहा किती कर कापायचा हे तिथे ‘करवर्गा’वरून ठरतं. लग्नाची नोंद झाली तर दोघांनाही करवर्ग 4 मिळतो. ती झाली नाही तर पगारातून करवर्ग 1 प्रमाणे कर कापला जातो. एकटाच कमावत असेल तर 3 आणि 5 ही जोडी अर्ज करून घेता येते. मग दरमहा हातात जास्त पैसे येतात, पण वर्षाचा कर शेवटी तेवढाच असतो आणि विवरणपत्र भरणं सक्तीचं होतं.

आता एक खास आपल्याकडची अडचण. मराठी पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. जर्मन कार्यालयं ती दोन्ही नावं तुमचीच धरतात. त्यात बायकोने माहेरचं आडनाव ठेवलं असेल, तर पत्रपेटीवर आणि घंटीवर दोन्ही आडनावं लावा. करक्रमांक, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड हे सगळं टपालाने येतं. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं आणि महिनाभराने कळतं की ते आलंच नव्हतं.

प्रश्न : घराच्या जाहिरातीत दोन भाडी दिसतात. अनामत किती द्यावी लागते?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ‘काल्ट’ म्हणजे निव्वळ भाडं. ‘वार्म’मध्ये हीटिंग, पाणी, कचरा वगैरे खर्च येतात, पण वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा वेगळंच असतं. अनामत जास्तीत जास्त 3 महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढी असते आणि ती 3 समान हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे. घर न पाहता पैसे पाठवू नका. ‘मी परदेशात आहे, अनामत भरा, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असं म्हणणारा फसवतोच आहे असं समजा. जाहिरातीत स्वयंपाकघर दिलेलं आहे का, तेही पाहा. पुष्कळ घरांत ओटा आणि सिंकसुद्धा नसतो.

प्रश्न : नवऱ्यासोबत येऊन 4 महिने झाले. पुण्यात मी अकाउंट्समध्ये 8 वर्षं नोकरी केली. इथे दिवसभर घरी असते, जर्मन येत नाही. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : ‘जरा स्थिरस्थावर झाल्यावर बघू’ म्हणत थांबू नका. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला कोणतीही नोकरी किंवा व्यवसाय करण्याची मुभा आहे. तुमच्या निवासकार्डावर तशी ओळ असते, ती मुलाखतीला जाताना दाखवा.

परदेशी नागरिक कार्यालयात इंटिग्रेशन कोर्सचा हक्क मागा. त्यात साधारणपणे 600 तास भाषा आणि 100 तास देशाचा इतिहास, कायदा, समाज असं शिकवतात. शेवटी बी1, म्हणजे रोजचं बोलणं जमण्याइतकी मधली पातळी गाठायची असते. हिशेबाच्या कामाला मात्र तिच्या पुढची बी2 पातळी धरून चाला, कारण नोंदी, पत्रं, कर कार्यालयाचा पत्रव्यवहार सगळं जर्मनमध्ये चालतं. करसल्लागारांच्या कार्यालयांत ‘दातेव्ह’ हे सॉफ्टवेअर फार वापरतात. भाषा शिकता शिकता त्याची तोंडओळख करून घेतलीत तर अर्जात लिहायला ठोस काहीतरी असेल. तुमचं विद्यापीठ आणि पदवी ‘अनाबिन’ या सरकारी यादीत कशी नोंदवली आहे ते पाहा आणि त्या पानाची प्रत अर्जासोबत जोडा.

भाडेकरारात तुमचंही नाव घाला, बँक खातं संयुक्त करा, फोन स्वतःच्या नावावर घ्या. परक्या शहरात प्रत्येक कागदावर एकाचंच नाव असलं की दुसऱ्याला साध्या कामालाही त्याची सही मागावी लागते, आणि ते फार खच्ची करणारं असतं.

आरोग्य विमाही तपासा. नवरा सरकारी व्यवस्थेच्या विम्यात असेल तर उत्पन्न नसलेल्या जोडीदाराला वेगळा हप्ता लागत नाही. खासगी विम्यात प्रत्येकाचा हप्ता वेगळा, आणि तिथून परत येणं अवघड. तरुण वयातला कमी हप्ता पाहून निर्णय घेऊ नका.

प्रश्न : लेक-जावई पुढच्या महिन्यात निघतील. कुकर, मिक्सर, तूप, पेढे देऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तूप आणि पेढे देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, कस्टम्स ते काढून घेतात. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत. गोडा मसाला आणि मेतकूट बंद पाकिटांत, नाव लिहून द्या.

मिक्सर चालेल, दोन्हीकडे वीज 230 व्होल्टचीच आहे. फक्त पिनेला अर्थिंगचा अडॅप्टर लागेल. कुकर मात्र सपाट बुडाचा आणि इंडक्शनवर चालणारा, स्टीलचा घ्या. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापतच नाही.

आणि लेकीला सांगून ठेवा : हिवाळ्यात कुकरची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांचा दमटपणा थंड बाहेरच्या भिंतीवर बसतो आणि तिथे काळी बुरशी येते. चुलीवरचा पंखा बऱ्याच घरांत हवा गाळून परत खोलीतच सोडतो, वाफ बाहेर जात नाही. म्हणून स्वयंपाक झाल्यावर आणि दिवसातून 3-4 वेळा खिडकी सताड उघडून 5 ते 10 मिनिटं ठेवायची. ती नुसती तिरकी करून दिवसभर ठेवली तर हवा नीट बदलत नाही, भिंत मात्र गार पडते. बुरशी दिसली तर फोटो काढून घरमालकाला लगेच लेखी कळवावं, नाहीतर घर सोडताना तिचा खर्च अनामतीतून कापला जाऊ शकतो.