प्लॉट सपाट करायच्या आधी एक पाऊस बघा

दादा, उताराच्या प्लॉटवर घर कसं बांधायचं हा तुमचा प्रश्न नीट वाचला. साताऱ्याच्या यवतेश्वर डोंगराच्या पायथ्याला ५० बाय ८० फुटाचा प्लॉट, रस्ता वरच्या अंगाला म्हणजे पश्चिमेला, आणि मागं पूर्वेच्या हद्दीपर्यंत जाता जाता अंदाजे १० फूट खाली. कंत्राटदार म्हणतोय दोन दिवस जेसीबी लावतो, भराव टाकून ताटासारखं सपाट करून देतो, मागं १० फुटी भिंत घेऊ, मग पाहिजे तो प्लॅन बसवा. माझं सरळ उत्तर, नको.

मी हेच करून बसलोय म्हणून सांगतोय. २०११ ला पाटणच्या बाजूला घर बांधलं, मलाही असाच सपाटवाला भेटलेला. मागं ८ फूट दगडी भिंत, दगडांमधल्या फटी सिमेंटनं भरून एकदम चकाचक, फोटो काढून पाव्हण्यांना पाठवले. पहिला पावसाळा निघाला. दुसऱ्या वर्षी ऑगस्टात झड लागलेली, पोरगं म्हणालं पप्पा भिंतीला पोट सुटलंय. ओळंबा सोडून बघितला तर मधोमध चांगली तीन बोटं बाहेर. गवंडी आला, त्यानं खालच्या थरातला एक दगड पहारीनं सैल केला आणि पाणी असं उसळलं की टँकरचा कॉक उघडावा, तासभर थांबेना. एवढ्या लांब भिंतीत पाणी जायला एक पाइप ठेवला नव्हता, आणि मागं भरलेली सगळी काळी माती, जी पाणी धरून फुगते. कंत्राटदार तोवर फोन उचलायचा बंद झालेला. भिंत मातीनं कमी आणि तुंबलेल्या पाण्यानं जास्त पडते हे मला तेव्हा कळलं, आणि आमच्या आज्याला ते न शिकता माहीत होतं. आपल्याकडच्या डोंगराकडेच्या रानातल्या ताली बघा की, नुसते दगड रचलेले, सिमेंटचा कण नाही, पाणी फटीतनं निघून जातं म्हणून वर्षानुवर्षं उभ्या आहेत.

आता १० फुटी भिंतीचं. उंची दुप्पट झाली की मातीचा रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवायचा जोर आठपट. म्हणून एक १० फुटी घेण्यापेक्षा ५-५ फुटाच्या दोन घ्या, मध्ये निदान १० फुटाचा पट्टा सोडून, नाहीतर वरचीचा भार खालचीवर येतो. त्या पट्ट्यात लिंबू, कढीपत्ता काय ते लावा. भिंतीत ३-४ इंची पाइपचे तुकडे दर ५-६ फुटावर, बाहेरच्या बाजूला किंचित उतरते, आणि मागं फूटभर जाडीची खडी, त्यामागं मुरूम. काळी माती अजिबात नको, कुणी फुकट आणून टाकतो म्हणाला तरी नको.

पण घर उतारालाच बसवलं तर एवढ्या भिंती लागतातच कशाला? तुमचा उतार ८० ला १०, म्हणजे १:८. घराची खोली ४० फूट धरली तर घराखाली पडतो फक्त ५ फुटाचा फरक. घराचे दोन तुकडे करा. पुढचा रस्त्याच्या लेव्हलचा, मागचा ५ फूट खाली, मध्ये ६ इंचाच्या १० पायऱ्या. पुढच्यात हॉल, किचन, देवघर, आईवडिलांची खोली आणि त्यांचं बाथरूम, म्हणजे गुडघेदुखीवाल्याला दिवसभरात एक पायरी लागत नाही. मागच्यात तुमच्या दोन खोल्या, पूर्वेला खिडक्या, सकाळचं ऊन आणि खाली सगळं सातारा. पावसाचा झोडपा पश्चिमेकडनं येतो, तो पुढच्या भागाच्या तोंडावर, म्हणून तिकडं खिडक्या लहान आणि छज्जे मोठे ठेवा.

गाडी वरच, गेटातनं आत आली की उभी. वहिनी म्हणतायत पार्किंग खाली करू, तर त्यांना एवढं सांगा, रॅम्प १:८ पेक्षा चढा केला तर पावसात चाक फिरतं, १:१० बरा. १० फूट उतरायला ८० ते १०० फूट रॅम्प, म्हणजे प्लॉटभर नुसता रॅम्पच, घर शेजाऱ्याच्यात बांधायचं का?

फुटिंग (कॉलमचा पाया) कुठलंही भरावावर नको, प्रत्येक खड्डा मूळ जमिनीतल्या कडक मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत. आणि जिथं थोडा भराव होणारच तिथं फरशी त्याच्यावर टेकवू नका, प्लिंथ बीमवर (जोत्याच्या लेव्हलला कॉलम जोडणारी तुळई) स्लॅब टाकून घ्या. माझ्या ओट्याची फरशी भराव बसल्यावर अशी उचकटली की फटीत पाचाचं नाणं उभं जायचं.

कंत्राटदार कधीच बोलणार नाही अशी एक गोष्ट. उतारावर वरच्या बाजूचे कॉलम आखूड होतात आणि खालचे लांब. भूकंपात आखूड कॉलम ताठ असल्यामुळं जास्त जोर ओढून घेतो आणि तोच आधी फुटतो. आपण कोयनेच्या शेजारची माणसं, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची पहाट आमच्या घरात अजून निघते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला तोंडावर विचारा, शॉर्ट कॉलमचं काय केलंय. नीट उत्तर नाही आलं तर दुसरा बघा.

पाण्याचं. रस्ता वर म्हणजे रस्त्याचं सगळं पाणी तुमच्या गेटात येणार, ते वास्तुवाला सांगणार नाही (पूर्वेला उतार म्हणून तो खूशच असेल, तुमचे सासरेबुवा पण गप्प, तेवढा फायदा). गेटच्या आत जाळी टाकलेली आडवी गटार घ्या आणि ते पाणी कडेनं घराला वळसा घालून खाली न्या. सेप्टिक टँक मागं खालच्या अंगाला, उतारानं आपोआप जातं, पण शोषखड्डा भिंतीच्या डोक्यावर नको, नाहीतर परत माझ्यासारखं पोट. खाली ज्यांचा प्लॉट आहे त्यांच्या दारात आपलं पाणी सोडलं की आयुष्यभराची भांडणं, आधीच बोलून घ्या.

परवानगीचं आर्किटेक्टला विचारा, डोंगरउतारावर १:५ च्या वर उतार गेला की गाडी तिथंच अडते, तुमचा त्यात बसत नाही पण १० फूट हा तुमचा अंदाज आहे. सर्वेवाल्याकडनं टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावून कॉन्टूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांचा नकाशा, काढून घ्या. त्याआधी हौस म्हणून गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी घ्या, पाणी भरा, बुडबुडे सगळे जाऊ द्या, एक टोक रस्त्याकडच्या काठीला आणि दुसरं २० फुटावरच्या काठीला, दोन्हीकडं पाण्याची रेघ मारायची, प्रत्येक रेघ जमिनीपासून किती वर ते मापायचं, दोन्हीतला फरक म्हणजे तेवढ्यातला उतार, आणि तसंच खाली उतरत जायचं. दोन माणसं, एक सकाळ. मी मापलं तेव्हा उतार सरळ निघालाच नाही, मधल्या भागात एकदम ४ फूट पडत होता. तुमच्यातही असा टप्पा सापडला तर घराचा तुकडा तिथंच पाडायचा, खोदाई अर्धी वाचते.

आणि जेसीबीवाल्याला आत्ता जुलैत बोलवूच नका. मोठा पाऊस चालू असताना छत्री घेऊन जा, अर्धा तास कोपऱ्यात उभं राहा आणि पाणी कुठनं आत येतंय, कुठं थांबतंय, कुठनं बाहेर पडतंय ते मोबाईलवर शूट करून आर्किटेक्टला दाखवा.